क्वीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडविषयी मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. निम्म्याहून अधिक प्रश्न फ्रेडी मर्क्युरीविषयी असतात आणि ते स्वाभाविक आहे. परंतु क्वीनचा इतिहास एका गायकाचा आणि त्याच्या तीन साथीदारांचा इतिहास नाही, तर बरोबरीने गाणी लिहिणाऱ्या चार संगीतकारांचा इतिहास आहे, हे ध्यानात ठेवले तर पुढची बरीच उत्तरे सहज पटतील. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; जेथे दोन प्रश्नांचा विषय एकमेकांत मिसळतो, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. क्वीनची स्थापना १९७० साली झाली की १९७१ साली? दोन्ही वर्षे वाचायला मिळतात.

दोन्ही वर्षांना आधार आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारा ब्रायन मे आणि त्याचा गायक-मित्र टिम स्टॅफेल यांनी १९६८ साली ‘स्माइल’ नावाचा बँड काढला आणि ड्रमवादक म्हणून रॉजर टेलर त्यांना येऊन मिळाला. स्टॅफेल ईलिंगच्या कला महाविद्यालयात शिकत होता आणि तेथे ग्राफिक कला शिकणारा फ्रेडी त्याचा मित्र होता. त्यामुळे स्माइलच्या तालमी आणि कार्यक्रम तो आधीपासून जवळून पाहत होता. १९७० साली स्टॅफेल बाहेर पडला, फ्रेडी गायक म्हणून आला आणि बँडचे नाव बदलले. बास गिटारवादक मात्र टिकेना. तीन जण येऊन गेल्यावर १९७१ च्या सुरुवातीला जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. नाव १९७० चे आणि संच १९७१ चा, असे म्हणणे सर्वांत अचूक ठरेल. त्यानंतर फ्रेडीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे वीस वर्षे, या चौघांत एकही बदल झाला नाही. त्या काळातल्या मोठ्या रॉक बँडमध्ये ही गोष्ट दुर्मीळ आहे.

२. चौघे मूळचे कोण होते?

फ्रेडी मर्क्युरी मुख्य गायक आणि पियानोवादक होता. त्याच्या जन्माविषयी व शिक्षणाविषयी प्रश्न ३ पाहावा. गिटारवादक ब्रायन मे लंडनच्या हॅम्प्टन भागातला. बँडने जोर धरल्यावर त्याने खगोलभौतिकीतले संशोधन अर्ध्यावर सोडले आणि तीस वर्षांहून अधिक काळानंतर पुन्हा हाती घेऊन २००७ साली इंपीरियल कॉलेजातूनच पीएच.डी. पूर्ण केली. सूर्यमालेतील धुळीच्या कणांची गती हा त्याचा विषय होता. रॉजर टेलर कॉर्नवॉलमधल्या ट्रूरो गावात वाढला. दंतवैद्यकाचे शिक्षण घ्यायला तो लंडनला आला होता आणि पुढे त्याने जीवशास्त्राकडे मोहरा वळवला. लेस्टरचा जॉन डीकन चौघांत वयाने सर्वांत लहान आणि सर्वांत अबोल. त्याने लंडनच्या चेल्सी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली.

३. फ्रेडी मर्क्युरी भारतीय होता का? पाचगणीची गोष्ट खरी आहे का?

पाचगणीची गोष्ट पूर्णपणे खरी आहे. फ्रेडीचे मूळ नाव फारोख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील बोमी ब्रिटिश वसाहतीच्या सरकारी नोकरीत रोखपाल होते आणि कुटुंबाचे आडनाव गुजरातमधल्या बलसाडवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले आहे. जन्म आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा, वंश भारतातल्या पारशांचा आणि कारकीर्द ब्रिटनमधली. यांतला एकच धागा उचलून बाकीचे सोडून दिले तर उत्तर अपुरे राहते.

वयाच्या आठव्या वर्षी त्याला सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवण्यात आले. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तेथेच मिळाले, पियानोचे पद्धतशीर शिक्षण तेथेच झाले आणि शाळेतल्या मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँडही तेथेच उभा राहिला. त्या बँडमध्ये तो प्रामुख्याने पियानो वाजवत असे. सुटीत मुंबईतल्या नातेवाइकांकडे त्याचे वास्तव्य असे. १९६३ च्या सुमारास तो झांझिबारला परतला; जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती होऊन रक्तपात झाला आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला येऊन लंडनजवळच्या फेल्टम येथे स्थायिक झाले.

आपल्या पारशीपणाविषयी आणि भारतातल्या वर्षांविषयी तो मुलाखतींत फारच कमी बोलला, म्हणून त्याने ही ओळख नाकारली असा निष्कर्ष काढला जातो. तो मला घाईचा वाटतो. खासगी आयुष्याविषयी तो एकंदरीतच मितभाषी होता आणि त्याचे अंत्यसंस्कार लंडनमध्ये जरथुस्त्री धर्मगुरूंच्या उपस्थितीत झाले. शिवाय पाचगणीतली ती वर्षे पियानोची होती आणि क्वीनची कितीतरी गाणी पियानोवरच जन्माला आली, हेही विसरता कामा नये.

४. बँडचे नाव आणि बोधचिन्ह कोणी ठरवले?

दोन्ही फ्रेडीचे. नाव सुचवले तेव्हा इतरांना थोडा संकोच वाटला होता, पण त्याचा आग्रह टिकला. बोधचिन्ह त्याने स्वतः रेखाटले. त्यात चौघांच्या राशी आहेत: डीकन आणि टेलर यांच्यासाठी दोन सिंह, मे याच्यासाठी खेकडा आणि स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या; मध्यभागी इंग्रजी ‘क्यू’ हे अक्षर व मुकुट आणि या सर्वांवर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी. मर्क्युरी हे आडनावही त्याने याच सुमारास घेतले.

५. पहिले यश मिळायला इतका वेळ का लागला?

बँडला पहिला करार मिळाला तो लंडनच्या ट्रायडंट या स्टुडिओशी संलग्न कंपनीचा. स्टुडिओ मोकळा असेल तेव्हा, बहुधा रात्री, ध्वनिमुद्रण करायचे अशी व्यवस्था होती, त्यामुळे पहिला अल्बम रखडत १९७३ साली आला आणि फारसा चालला नाही. १९७४ च्या आरंभी ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’ ब्रिटनच्या पहिल्या दहा गाण्यांत गेले. त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यात मे काविळीने आजारी पडला आणि दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. तरीही वर्ष संपण्याआधी ‘किलर क्वीन’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. नाव झाले तरी पैसा हाती येत नव्हता, कारण उत्पन्न आधी व्यवस्थापनाकडे जात असे. १९७५ साली बँड त्या करारातून सुटला आणि एल्टन जॉनचे काम पाहणारे जॉन रीड त्यांचे व्यवस्थापक झाले. प्रश्न ६ मध्ये ज्या गाण्याची माहिती आहे, ते या सुटकेनंतर लगेचचे आहे. या वेळीही गाणे चालले नसते, तर बँड टिकला असता की नाही याची शंकाच आहे.

६. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ कसे तयार झाले आणि त्याचा एवढा गवगवा का?

गाण्याचा संपूर्ण आराखडा फ्रेडीच्या डोक्यात होता. १९७५ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओत काम सुरू झाले आणि नंतर लंडनमधल्या स्टुडिओंमध्ये पूर्ण झाले. रॉय थॉमस बेकर निर्माते होते. पियानोवरचे संथ गाणे, गिटारचा एकल तुकडा, ऑपेराच्या धाटणीचा भाग, जोरकस रॉक आणि पुन्हा शांत शेवट असे वेगवेगळे खंड एकमेकांना जोडले आहेत आणि नेहमीच्या गाण्यात असते तसे ध्रुवपद यात कोठेही नाही.

ऑपेराच्या भागात मोठा गायकवृंद गातो आहे असे वाटते, पण तो आवाज मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांचाच आहे. अतिशय उंच पट्टीतले सूर टेलरचे, मधल्या पट्टीत मर्क्युरी आणि खालच्या पट्टीत मे. त्यांनी तेच तेच भाग पुन्हा पुन्हा गाऊन एकावर एक चढवले. त्या वेळी २४ ट्रॅकची फीत उपलब्ध होती. ट्रॅक भरले की ते एकत्र करून पुन्हा जागा मोकळी करायची आणि पुन्हा गायचे, असे करताना फीत इतकी झिजली की तिच्यातून आरपार दिसू लागले. याच कारणाने मंचावर हा भाग कधीच गायला गेला नाही. दिवे मालवून ध्वनिफीत लावली जाई आणि रॉकचा भाग सुरू होताच चौघे परत मंचावर येत.

गाण्याची लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद. एवढे लांब गाणे रेडिओवाले लावणार नाहीत, अशी ध्वनिमुद्रिका कंपनीची भीती होती. निवेदक केनी एव्हरेट याने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर ते पुन्हा पुन्हा लावले आणि श्रोत्यांनी दुकानांत विचारणा सुरू केली. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ते प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ब्रूस गावर्स यांनी काही तासांतच चित्रित केलेली त्याची चित्रफीत दूरचित्रवाणीवर लागत राहिली. गाण्यासोबत चित्रफीत हवीच, ही प्रथा रुजण्यात तिचा मोठा वाटा आहे.

गाण्याचा अर्थ काय, हाही नेहमीचा प्रश्न. फ्रेडीने तो कधी उलगडून सांगितला नाही आणि इतर तिघांनीही त्याच्या वतीने तो सांगायचे टाळले आहे. हे मौन मला योग्य वाटते.

७. जुन्या अल्बमांवर ‘सिंथेसायझर वापरलेला नाही’ असे का छापले जात असे?

कारण ऐकणाऱ्यांना तसाच संशय येत असे. ब्रायन मे याची गिटार व्हायोलिनसारखी, तुतारीसारखी किंवा अख्ख्या वाद्यवृंदासारखी वाजत असे, आणि ती किमया यंत्राची नव्हे, थरावर थर चढवण्याची होती. ही गिटारही दुकानातली नव्हती. १९६३ पासून मे आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी ती घरीच तयार केली. तिच्या दांड्यासाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड वापरले. ती ‘रेड स्पेशल’ म्हणून ओळखली जाते. तारा छेडण्यासाठी मे प्लास्टिकच्या तुकड्याऐवजी सहा पेन्सचे नाणे वापरतो.

तिच्याइतकीच महत्त्वाची, पण कमी ठाऊक असलेली वस्तू म्हणजे डीकनने कचऱ्यातून उचललेल्या सर्किटच्या पाटीपासून बनवलेला छोटा अॅम्प्लिफायर. क्वीनच्या ध्वनिमुद्रणांतले गिटारचे अनेक वाद्यवृंदसदृश तुकडे या घरगुती यंत्रातून आलेले आहेत. सिंथेसायझर बँडने पहिल्यांदा १९८० च्या ‘द गेम’ या अल्बममध्ये वापरला आणि त्यानंतर तो मोकळेपणाने वापरला.

८. गाणी फ्रेडीच लिहीत असे ना?

नाही, सर्वांत रूढ असलेला गैरसमज हाच आहे. चौघेही लिहीत आणि चौघांच्याही गाण्यांना मोठे यश मिळाले. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, ‘किलर क्वीन’ आणि ‘वुई आर द चॅम्पियन्स’ मर्क्युरीची. ‘वुई विल रॉक यू’ मे याचे. ‘रेडिओ गा गा’ टेलरचे. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आणि ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ डीकनची. यांपैकी ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ १९८० साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ते ज्याच्या बास गिटारच्या चालीवर उभे आहे, तो माणूस मंचावर एक शब्दही बोलत नसे.

या व्यवस्थेने भांडणेही दिली. मानधन ज्याच्या नावावर गाणे, त्याला मिळे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचे ‘आय अॅम इन लव्ह विथ माय कार’ होते; तबकडी एकच असल्यामुळे तिच्या विक्रीतून टेलरलाही मर्क्युरीइतकेच उत्पन्न मिळाले आणि ही गोष्ट बरीच वर्षे सलत राहिली. अखेर १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून सगळी गाणी ‘क्वीन’ या सामाईक नावाने प्रसिद्ध करायचे ठरले. त्यामुळे शेवटच्या काळातल्या गाण्यांचा खरा लेखक कोण, हे तबकडीवरून कळत नाही. उदाहरणार्थ ‘द शो मस्ट गो ऑन’ हे प्रामुख्याने मे याचे काम आहे.

९. ‘वुई विल रॉक यू’मध्ये वाद्ये का जवळजवळ नाहीत?

१९७७ साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड येथील कार्यक्रमानंतर प्रेक्षक निघून जाईनात आणि एकमुखाने फुटबॉलच्या मैदानावरचे गाणे गाऊ लागले. गर्दीने गायचे, तर तिला काय करता येईल, असा विचार मे याने त्यावरून केला: दोनदा पाय आपटायचे आणि एकदा टाळी वाजवायची. गिटार अगदी शेवटी येते. मर्क्युरीचे ‘वुई आर द चॅम्पियन्स’ याच विचारातून आले आणि दोन्ही गाणी एकाच तबकडीवर निघाली.

१०. १९८२ नंतर अमेरिकेत क्वीनची लोकप्रियता का ओसरली?

एकच कारण सांगता येत नाही. ‘हॉट स्पेस’ हा १९८२ चा अल्बम नृत्यसंगीताकडे झुकलेला होता आणि रॉकच्या श्रोत्यांना तो रुचला नाही. तो सरस नाही हे माझेही मत आहे, मात्र डेव्हिड बोवीबरोबरचे ‘अंडर प्रेशर’ त्याला अपवाद. १९८४ साली ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’च्या चित्रफितीत चौघांनी स्त्रीवेष केला होता. ब्रिटनमधल्या एका लोकप्रिय मालिकेचे ते विडंबन होते. तेथे लोक हसले, अमेरिकेत मात्र नाराजी पसरली. १९८२ नंतर फ्रेडीसह बँडने अमेरिकेचा दौराच केला नाही. त्याच काळात दक्षिण अमेरिका, युरोप आणि जपान येथे मात्र प्रचंड गर्दी होत होती. १९८१ साली साओ पाउलोच्या मोरुंबी स्टेडियमवर एका रात्री सव्वा लाखाहून अधिक लोक जमले होते.

११. दक्षिण आफ्रिकेतल्या कार्यक्रमांवरून वाद झाला होता, तो काय?

ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने सन सिटी येथे कार्यक्रम केले. वर्णभेदी राजवटीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी पुकारलेला सांस्कृतिक बहिष्कार तेव्हा लागू होता आणि ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या संघटनेचाही या कार्यक्रमांना विरोध होता. संघटनेने बँडला दंड केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव गेले. आम्ही राजकारणासाठी नव्हे, ऐकायला येणाऱ्या प्रत्येकासाठी वाजवतो, अशी बाजू बँडने मांडली. ती मला पटत नाही. बहिष्काराचा अर्थच कलाकारांनी तेथे जाऊ नये असा होता, आणि बँडवर प्रेम असलेल्यांनीही हे मान्य करायला हवे. पुढे २००३ साली नेल्सन मंडेला यांच्या एड्सविरोधी मोहिमेसाठी केप टाउनला झालेल्या कार्यक्रमात मे आणि टेलर सहभागी झाले.

१२. ‘लाइव्ह एड’मध्ये नेमके काय घडले?

इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेंब्ली स्टेडियमवर आणि फिलाडेल्फियात एकाच दिवशी हा कार्यक्रम झाला. प्रत्येकाला जेमतेम वीस मिनिटे मिळणार होती. क्वीनने लंडनमधल्या शॉ थिएटरात कसून तालीम केली, नवे काही न वाजवता लोकांना पाठ असलेली सहा गाणी निवडली आणि काही थोड्या प्रमाणात कापून सलग जोडली. समोरचे ७२,००० प्रेक्षक त्यांच्यासाठी तिकीट काढून आलेले नव्हते, तरी ‘रेडिओ गा गा’ला संपूर्ण मैदानाचे हात एका तालात वर गेले. फ्रेडीचा आवाज आणि वावर अद्वितीय होताच, पण वेळेचा हिशेब चौघांनी मिळून केला होता.

१३. २०१८ च्या चित्रपटातले किती खरे मानावे?

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटातील भूमिकेसाठी रामी मलेकला ऑस्कर मिळाले आणि नव्या पिढीचे बहुतेक प्रश्न तेथूनच सुरू होतात. अभिनय उत्तम आहे, कालक्रम मात्र विश्वासार्ह नाही. लाइव्ह एडपूर्वी बँड फुटलेला दाखवला आहे. प्रत्यक्षात त्याच वर्षी जानेवारीत ते रिओला वाजवत होते आणि मे महिन्यापर्यंत दौऱ्यावर होते. फ्रेडीने एकट्याचा अल्बम काढणे हा विश्वासघात मानला गेल्याचे दाखवले आहे. प्रत्यक्षात टेलरने तो मार्ग १९८१ सालीच धरला होता. लाइव्ह एडच्या आधी फ्रेडी आपल्या आजाराविषयी सोबत्यांना सांगतो असा प्रसंग आहे. निदान १९८७ साली झाले असे त्याच्या निकटवर्तीयांनी सांगितले आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ नाकारणारा कंपनीचा अधिकारी हे काल्पनिक पात्र आहे. फ्रेडी आणि स्माइल यांची ओळख कशी झाली, यासाठी प्रश्न १ पाहावा.

१४. फ्रेडीच्या अखेरच्या वर्षांत बँडने काम कसे केले?

९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे झालेला कार्यक्रम चौघांचा शेवटचा ठरला. तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे आजार वाढत गेला, तसे दौरे थांबले आणि स्टुडिओतले काम वाढले. स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो येथील स्टुडिओ बँडच्याच मालकीचा होता आणि तेथे बाहेरच्या नजरांपासून दूर राहता येत असे. फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘इन्युएंडो’ प्रसिद्ध झाला. त्यानंतरही फ्रेडी प्रकृती साथ देईल तेव्हा येऊन गात राहिला, कारण आपल्या पश्चात इतर तिघे गाणी पूर्ण करतील याची त्याला खात्री होती. ती त्यांनी १९९५ च्या ‘मेड इन हेवन’मध्ये पूर्ण केली.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदनाद्वारे आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी लंडनमधल्या घरी त्याचे निधन झाले. तो ४५ वर्षांचा होता. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा प्रसिद्ध होऊन पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देण्यात आले. २० एप्रिल १९९२ रोजी वेंब्लीवर त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला आणि त्यातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट हा न्यास उभा राहिला.

१५. जॉन डीकन कोठे आहे? तो जिवंत आहे ना?

तो हयात आहे आणि निवृत्त आहे. जानेवारी १९९७ मध्ये पॅरिसला एका नृत्यप्रयोगाच्या निमित्ताने तो मे आणि टेलर यांच्याबरोबर शेवटचा मंचावर आला, त्याच वर्षी एक शेवटचे गाणे ध्वनिमुद्रित झाले आणि मग त्याने संगीत सोडले. २००१ साली अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला, तेव्हाही तो गेला नाही. त्याला शोधून काढण्याच्या खटपटी होत असतात. त्या थांबाव्यात असे मला मनापासून वाटते.

१६. मग आज ‘क्वीन’ म्हणून कोण वाजवते आणि अल्बम नेमके किती मोजायचे?

मे आणि टेलर. २००४ पासून काही वर्षे गायक पॉल रॉजर्स त्यांच्यासोबत होते आणि २०११ पासून अमेरिकी गायक अॅडम लॅम्बर्ट आहे. दोन्ही वेळा नाव ‘क्वीन’ आणि त्यापुढे अधिक चिन्ह घालून गायकाचे नाव असे लिहिले गेले. जागा भरून निघाली असा दावा कोणी केला नाही.

स्टुडिओ अल्बम पंधरा धरले जातात: १९७३ च्या पहिल्या अल्बमपासून १९९५ च्या ‘मेड इन हेवन’पर्यंत. यांत ‘फ्लॅश गॉर्डन’ हे चित्रपटाचे संगीतही मोजलेले आहे. ते वगळले तर चौदा होतात. रॉजर्ससोबतचा २००८ चा ‘द कॉसमॉस रॉक्स’ या मोजणीत धरत नाहीत.

१७. क्वीनने भारतात कधी कार्यक्रम केला का?

फ्रेडी असताना कधीही नाही. पाचगणीच्या संबंधामुळे अनेकांना तसे वाटते, पण त्या संबंधाचा काळ बँडच्या आधीचा आहे (प्रश्न ३).

१८. ‘ग्रेटेस्ट हिट्स’ पाठ झाला आहे. पुढे काय ऐकावे?

१९८१ चा हा संग्रह ब्रिटनमधला सर्वाधिक खपाचा अल्बम आहे, त्यामुळे बहुतेकांची सुरुवात त्यानेच होते. त्यानंतर थेट १९७४ च्या ‘क्वीन टू’कडे जावे. त्याची एक बाजू ‘पांढरी’ आणि दुसरी ‘काळी’ अशी आहे. पांढरीवर प्रामुख्याने मे याची गाणी आणि शेवटी टेलरचे एक, काळी संपूर्ण मर्क्युरीची. दोन लेखकांचे स्वभाव किती भिन्न होते, हे चाळीस मिनिटांत कळते आणि दीड वर्षाने येणाऱ्या ऑपेराची तालीमही काळ्या बाजूवर ऐकू येते. मग ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ पहिल्या गाण्यापासून क्रमाने ऐकावा. गाणी मधूनच उचलून ऐकू नयेत. डीकनचे साधे प्रेमगीत, टेलरची मोटार आणि मे याचे अंतराळप्रवाशांवरचे लोकगीत ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने ऐकून शेवटाकडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’पर्यंत पोहोचावे.